रायसिंगच्या नावापुढचं शून्य

मदरबोर्ड गेला होता, यात शंका नव्हती. त्यावरचे कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे डबे, फुगून वर आले होते. दोन तर फुटलेच होते. मी कॅबिनेटचं झाकण परत लावलं आणि समोर बसलेल्या कमलताईंना सांगितलं, "हे मशीन आता चालू होणार नाही."

"मग आतलं?"

"आतलं वेगळं. हार्ड डिस्क धड असली तर निघेल."

कमलताईंनी ते मशीन गोणपाटात बांधून, एस.टी.त मांडीवर घेऊन, धडगावकडून शहाद्याला आणलं होतं. त्या भागात एका ट्रस्टचा दहा खाटांचा दवाखाना आहे. तिथे त्या वीस वर्षं सिस्टर आहेत. स्वतः पावरा आदिवासी, त्यामुळे वरच्या पाड्यांवर त्यांना सगळे ओळखतात. त्यांची भाची आमच्या कॉलेजात शिकून गेली, तेवढ्या ओळखीवर त्या माझ्याकडे आल्या होत्या. मी शहाद्याला कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबची इनचार्ज आहे. (नावं सगळ्यांची बदलली आहेत.)

मशीनमध्ये काय होतं, ते त्यांनी सांगितलं. दवाखान्याच्या आधीच्या डॉक्टरांनी, ज्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत, पाड्यापाड्यावर फिरून लोकांचं रक्त तपासलं होतं. सिकलसेलसाठी. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, अडकतात, अंग दुखतं, ताप येतो, लहान मुलं दगावतात. काही जणांना स्वतःला त्रास नसतो, पण दोष पुढच्या पिढीला जाऊ शकतो. त्यांना वाहक म्हणतात. आई आणि वडील दोघंही वाहक असले तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. एकच वाहक असेल तर मूल फार तर वाहक होतं, आजारी होत नाही.

मोठ्या डॉक्टरांनी या सगळ्या नोंदींसाठी प्रोग्राम स्वतः लिहिला होता. पास्कल नावाच्या जुन्या भाषेत, डॉसवर. ते आता नाहीत. कागदी रजिस्टरं वाळवीने खाल्ली. उरलं होतं ते हे मशीन.

"एवढी घाई का पण?" मी विचारलं.

"रमिला नावाची मुलगी आहे. चौथा महिना सुरू आहे. तपासली तर वाहक निघाली. नवरा रायसिंग कामाला गुजरातमध्ये गेला होता. येताना टेम्पो उलटला. गेला तो." कमलताईंनी गोणपाटाची घडी घातली. "त्याचं रक्त आता कुठून आणायचं? त्याच्या आईला, देवलीबाईला तपासलं, ती वाहक आहे. म्हणजे तो असेल किंवा नसेल. पण आश्रमशाळेत असताना मोठ्या डॉक्टरांनी त्याला तपासलं होतं. मला आठवतं, सुई बघून पळाला होता. ते यात आहे."

रायसिंग वाहक असला तर पोटातल्या बाळाची तपासणी करता येते. मोठ्या शहरात नेऊन गर्भाभोवतीचं पाणी सुईने काढतात. त्यात गर्भ पडण्याचा थोडा धोका असतो. रायसिंग वाहक नसला तर हा सगळा प्रश्नच नाही. दवाखान्याच्या आताच्या डॉक्टर, मनीषा मॅडम, यांनी दोन आठवड्यांत ठरवायला हवं असं सांगितलं होतं. पोटातलं बाळ आणि या मशीनमधली एक नोंद, रमिलाच्या दृष्टीने नवऱ्याचं या जगात उरलं होतं ते एवढंच.

मी म्हटलं, "दोन दिवस द्या."

जुन्या डिस्कवर थेट काम करायचं नसतं. पहिल्यांदा तिची इमेज घ्यायची. इमेज म्हणजे फोटो नव्हे, तर डिस्कवरच्या प्रत्येक अक्षराची जशीच्या तशी नक्कल, एका मोठ्या फाइलमध्ये. डिस्क काढून कन्व्हर्टरने लॅबच्या मशीनला जोडली. ती करकरत होती. मी खुर्ची ओढून तिच्याजवळच बसले, जणू मी उठले तर ती बंद पडेल. तासाभरात इमेज झाली. चार-पाच ठिकाणी वाचायला अडखळली, पण नोंदींची फाइल पूर्ण आली.

तिथे मी थांबून विचार करायला हवा होता. उलट मी खूश झाले. फाइल उघडली तर नावं इंग्रजी अक्षरांत सरळ वाचता येत होती. नावापुढे गावाचा नंबर, कुटुंबाचा नंबर, वय आणि शेवटी एक आकडा. शून्य, एक किंवा दोन. मला वाटलं, हाच निकाल. प्रोग्राम चालवायची गरजच काय?

तरी मी पडताळा घेतला. कमलताईंना फोन करून विचारलं, "पक्का माहीत असलेला एखादा पेशंट सांगा."

"खेमा. लहानपणापासून आमच्याकडेच येतो."

खेमाच्या पुढे दोन होता.

"आणि पक्कं नॉर्मल कोण?"

"मी आहे ना. माझीही नोंद असेल."

कमलताईंच्या पुढे शून्य होतं. म्हणजे शून्य नॉर्मल, दोन आजारी, मधला एक वाहक. सरळ हिशेब. मी रायसिंग शोधला. गावाचा नंबर जुळला, वय जुळलं. पुढे शून्य.

"नॉर्मल आहे," मी फोनवर सांगून टाकलं.

पलीकडून त्या म्हणाल्या, "देव तुमचं भलं करो, मॅडम."

एक गोष्ट मला तेव्हाही दिसली होती, ती लपवत नाही. फाइलमध्ये बहुतेक नावांपुढे एक होता. म्हणजे माझ्या हिशेबाने बहुतेक लोक वाहक. आजार या भागात आहे हे ऐकून होते, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. उत्तर हवं होतं तसं मिळालं होतं. त्यामुळे पुढे प्रश्न विचारावासा वाटला नाही.

दुपारी मनीषा मॅडमचा फोन आला. आवाज तरुण, बोलणं मोजकं.

"तुम्ही सांगितलंत ते कळलं. पण मला फोनवरचं चालणार नाही. प्रोग्राममध्ये जसा रिपोर्ट दिसतो तसा प्रिंट हवा. केस पेपरला लावायचाय."

"प्रोग्राम चालत नाहीये मॅडम, मशीन गेलंय. मी आकडा वाचलाय."

"मग चालेल असं काही करता येईल का?"

मला थोडा राग आला. वाटलं, माझ्या शब्दावर विश्वास नाही. पण करता येण्यासारखं होतं.

आमच्या कॉलेजचे दोन सर्व्हर क्यूएमू नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतात. हे ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला. जगभरातले लोक तो लिहितात, कुणीही घेऊन वापरू शकतं. ते कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर उभा करतं. याचे दोन प्रकार. व्हर्च्युअलायझेशनमध्ये आतल्या सिस्टिमला बाहेरचा खरा प्रोसेसर वापरायला मिळतो. घर आपलं, खोली पाहुण्याला दिली, असं. वेग जवळजवळ पूर्ण मिळतो. एम्युलेशनमध्ये प्रोसेसरचंही सोंग असतं. आतल्या प्रोग्रामची एकेक सूचना वाचून, जुनं मशीन तिचं काय करेल ते ठरवून, तसं करून दाखवलं जातं. हे संथ असतं. म्हणून आम्ही कॉलेजात ते कधी वापरत नाही.

मी सवयीप्रमाणे पहिला प्रकार घेतला. इमेज जोडली. डॉस सुरू झालं. काळा पडदा, पांढरी अक्षरं. प्रोग्रामचं नाव टाइप करून एंटर मारलं. एकच ओळ आली. रनटाइम एरर २००. आणि प्रोग्राम बंद.

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेच करत बसले होते, तेव्हा प्राचार्य दारात आले. सर माझ्या माहेरच्या, ब्राह्मणपुरीच्या शेजारच्या गावचे. ऑफिसात सगळ्यांशी शुद्ध मराठी बोलतात, माझ्याशी अहिराणी.

"हाई काय करी ऱ्हायनी तू?"

"सर, एक दवाखानानं काम शे."

"आनि मन्हं काम? परवा प्रॅक्टिकल परीक्षा शे. तीस मशीन तयार शेत का?"

"अठ्ठावीस शेत. दोन दुपारपर्यंत व्हई जातीन."

त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. "कोन्हं काम शे हाई?"

मी थोडक्यात सांगितलं. टेम्पो उलटल्याचं ऐकलं तशी त्यांची मान खाली गेली. आमच्याकडे मजुरांचा असा उलटलेला टेम्पो माहीत नसलेलं गाव नाही.

"दोन मशीन मी लॅबना जोशीले सांगस," ते म्हणाले. "तू हाई कर." आणि गेले.

एरर २०० मला माहीत नव्हता. शोधल्यावर कळलं. पास्कलमध्ये लिहिलेले अनेक जुने प्रोग्राम सुरू होताना मशीनचा वेग मोजतात. ठरावीक वेळात किती वेळा मोजणी होते ते पाहतात आणि त्या आकड्याला भागतात. त्या काळातल्या मशीनवर उत्तर लहान यायचं. आजच्या मशीनवर ते इतकं मोठं येतं की ठेवलेल्या जागेत मावत नाही, भागाकार फसतो आणि प्रोग्राम मान टाकतो. म्हणजे डॉक्टरांच्या प्रोग्राममध्ये बिघाड नव्हता. माझं मशीन त्याच्यासाठी फार वेगवान होतं.

प्रोग्राममध्ये बदल करून हा दोष काढता येतो. पण मला त्याला हात लावायचा नव्हता. ज्यांनी तो लिहिला ते विचारायला उरले नव्हते. मी दुसरा प्रकार घेतला, पूर्ण एम्युलेशन. तरी तोच एरर. सोंगसुद्धा जास्तच चपळ निघालं. मग मॅन्युअलमध्ये एक पर्याय सापडला. आतल्या प्रोसेसरला प्रत्येक सूचनेला ठरावीक वेळ लागलाच पाहिजे असं बंधन घालता येतं. मी ते बंधन वाढवत गेले. एका पायरीवर एरर. दुसऱ्या पायरीवर एरर. आणखी संथ केलं. वीस वर्षांच्या नोकरीत मी मशीन वेगवान करायचीच कामं केली होती. मुद्दाम मंद करायची ही पहिलीच वेळ.

सातव्या प्रयत्नाला पडदा क्षणभर रिकामा राहिला, आणि मग निळ्या चौकटीत मेनू उघडला.

मी एकटीच होते, तरी टाळी वाजवली.

नाव शोधा, असा पर्याय होता. रायसिंग टाइप केलं. लगेच निकाल आला नाही. प्रोग्रामने वडिलांचं नाव विचारलं. मग आईचं. दोन्ही नावं कमलताईंनी लिहून दिली होती. आणि खाली एक ओळ आली, रोमन अक्षरांत लिहिलेलं मराठी: घाई नको, नाव पुन्हा वाचा. मोठ्या डॉक्टरांना मी कधी पाहिलं नव्हतं. त्या ओळीपाशी मात्र ते शेजारी उभे असल्यासारखे वाटले. नाव पुन्हा वाचलं, एंटर मारलं.

शिबिरातली चाचणी: केली नाही.
मोठी चाचणी: वाहक.

मला वाटलं, दुसराच कुणी रायसिंग असेल. गाव पाहिलं, कुटुंब पाहिलं. आई देवलीबाई. तोच होता.

कमलताईंची नोंद उघडली. शिबिरातली चाचणी: केली नाही. मोठी चाचणी: नॉर्मल.

मग सगळं उलगडलं. मी वाचलेला आकडा निकालाचा नव्हताच. तो शिबिरातल्या झटपट चाचणीचा होता; वाहक की आजारी, हे प्रयोगशाळेतल्या मोठ्या चाचणीतच कळतं. दोन म्हणजे दोष आढळला. एक म्हणजे आढळला नाही. म्हणूनच बहुतेकांपुढे एक होता. आणि शून्य म्हणजे चाचणीच केली नाही. कमलताई दवाखान्यातल्या, म्हणून त्यांचं रक्त थेट मोठ्या चाचणीला गेलं होतं. आश्रमशाळेतल्या मुलांचंही तसंच. मोठ्या चाचणीचे निकाल वेगळ्या फाइलमध्ये होते, आणि कुठली नोंद कुठे जोडायची ते फक्त प्रोग्रामला माहीत होतं.

मी शून्याचा अर्थ 'काही नाही' असा घेतला होता. डॉक्टरांनी तो 'पाहिलंच नाही' असा लिहिला होता.

मी कमलताईंना फोन लावला.

"ताई, माझी चूक झाली. तो वाहक होता."

पलीकडे दवाखान्यात कुणाचं तरी बाळ रडत होतं.

"मी सांगितलं त्यांना, मॅडम," त्या म्हणाल्या. "कालच. सासूने पाड्यावर गूळ वाटला."

मी स्क्रीनवरचं रायसिंगचं नाव पुन्हा वाचलं.

"आता तुम्ही या. मी एकटी नाही सांगणार."

दुसऱ्या दिवशी सकाळची एस.टी. घेतली. म्हसावदच्या पुढे रस्ता चढायला लागतो. पिशवीत चार प्रिंट होते. वाटेत मी वाक्यं जुळवत होते, आणि प्रत्येक वाक्यात मशीनचं नाव आधी येत होतं. जुनं मशीन होतं, फाइल वेगळी होती, डॉक्टरांनी कोड असा ठेवला होता. सगळं खरं होतं. पण त्यातलं एकही सांगण्यासारखं नव्हतं.

दवाखान्यात मनीषा मॅडमच्या खोलीत रमिला खुर्चीवर बसली होती. वीस-बावीस वर्षांची. सासू देवलीबाई भिंतीला टेकून खाली. कमलताई दाराशी उभ्या. मी सरळ सांगितलं, "परवा मी नॉर्मल सांगितलं ते चुकीचं होतं. रायसिंग वाहक होते."

कमलताईंनी देवलीबाईंना पावरीत सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. पदर तोंडावर घेतला आणि तशाच बसून राहिल्या. रमिलाला भाषांतर लागलं नाही, ती दहावीपर्यंत शिकली होती.

तिने विचारलं, "मशीन चुकलं की तुम्ही चुकल्या?"

"मी चुकले."

"मग आता मशीन सांगतं ते बरोबर कशावरून?"

इतका नेमका प्रश्न मला आजवर एकाही विद्यार्थ्याने विचारलेला नाही. मी प्रिंट तिच्यासमोर ठेवले. खेमाचा. कमलताईंचा. आणि तिसरा देवलीबाईंचा.

"तुमच्या सासूबाईंचं रक्त मोठ्या डॉक्टरांनी तेव्हाही तपासलं होतं. हा तेव्हाचा निकाल. वाहक. आणि मनीषा मॅडमनी मागच्या आठवड्यात नव्याने तपासलं, तेही वाहक. दोन्ही जुळतात. आधी मी अंदाज केला होता. या वेळी पडताळून आणलंय."

तिने तिन्ही कागद वाचले. मग चौथा, रायसिंगचा, हातात घेतला आणि त्याच्या नावावर अंगठा फिरवला. त्या कागदावर तो तेरा वर्षांचा होता.

मनीषा मॅडमनी तिला सगळं समजावलं. तपासणी कुठे होते, सुईचा धोका किती, निकाल आल्यावर काय काय मार्ग असतात. कुठेही ओढलं नाही, कुठेही ढकललं नाही. रमिलाने सासूशी पावरीत थोडं बोलून घेतलं. मग म्हणाली, "सुई नको. जे आहे ते येऊ द्या. पण आलं की त्याच दिवशी रक्त तपासा. मला माहीत पाहिजे."

निघताना देवलीबाईंनी मला थांबवलं. कमलताईंना काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतात, इतक्या लांब येऊन सांगितलं, आता जेवून जा."

जेवले. ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ. देवलीबाई समोर बसून पाहत होत्या, म्हणून ताटात काही टाकलं नाही.

मुलगी झाली. त्याच दिवशी नमुना घेतला. तिला आजार आहे. वाहक नाही, आजार. चारात एकमधली ती एक.

दुसऱ्या महिन्यापासून औषध सुरू झालं. या आजारात पानथरी, म्हणजे प्लीहा, अचानक सुजू शकते; डाव्या बरगडीखाली बोट ठेवून ती वाढली का ते कसं पाहायचं, हे कमलताईंनी रमिलाला शिकवलं. आठव्या महिन्यात तिला ताप आला. एरवी पाड्यावर तापाला दोन दिवस वाट पाहतात. रमिला तासाभरात जीपमध्ये होती. चार दिवस सलाइन, इंजेक्शनं, आणि मुलगी घरी गेली. आता ती अंगणवाडीत जाते. दुखण्याचे दिवस येतात, जातात. नाव रेवा.

ताप उतरल्यावर मनीषा मॅडमचा फोन आला होता. त्या म्हणाल्या, "तुमचा पहिला निकाल मी केस पेपरवर लिहिला असता तर आम्ही बाळाला तपासलंच नसतं. हा ताप आम्ही साधा ताप समजलो असतो."

प्रिंट मागितला म्हणून मला त्यांचा राग आला होता, हे मी त्यांना तेव्हा सांगितलं. त्या हसल्या.

मोठ्या डॉक्टरांचा प्रोग्राम अजून चालतो, त्याच संथ सोंगात, दवाखान्यातल्या एका लॅपटॉपवर. इमेजच्या तीन प्रती तीन ठिकाणी आहेत. नुसत्या नोंदी काढून प्रोग्राम फेकून देऊ, असं कुणी म्हटलं तर मी हो म्हणत नाही. नोंदींचा अर्थ त्या प्रोग्राममध्ये आहे.

नव्या नोंदींसाठी मी त्यांना एक साधा फॉर्म करून दिला. त्यात निकालाची चौकट रिकामी सोडता येत नाही आणि आकडाही टाकता येत नाही. पूर्ण शब्दच निवडावे लागतात: नॉर्मल, वाहक, आजार, किंवा 'अजून तपासलं नाही'. कमलताईंची तक्रार आहे की यात प्रत्येक माणसामागे फार वेळ जातो.

जाऊ द्या, असं मी त्यांना सांगितलं आहे.